दुसऱ्या देशाची मिरास

गेल्या वैशाखात आमचे एक जुने स्नेही आम्हांस आपल्या मूळ गावी घेऊन गेले. गाव हिर्डोशी, तालुका भोर. भोरहून वरंध घाटाकडे निघाले म्हणजे वाट नीरेच्या खोऱ्यातून सह्याद्रीच्या पोटाशी जाते, त्या वाटेवरचे हे गाव. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याखाली ह्या खोऱ्यातील पुष्कळ भातखाचरे गेली. कर्ती माणसे पुण्यामुंबईस गेली. हिरडस मावळ म्हणतात तो हाच मुलूख. बांदल देशमुखांचे हे वतन, आणि १६६० साली घोडखिंडीत पडलेले बाजीप्रभू देशपांडे ह्याच मावळचे. तेव्हा ‘वतन’ हा शब्द येथे कोणास नवा नाही. परंतु त्या शब्दाचा असा अर्थ एका ओसरीवर बसून आम्हांस ऐकावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

निमित्त कुलधर्माचे होते. स्नेह्यांचे वडील, ज्यांस घरातील लहानथोर सारे ‘तात्या’ म्हणतात, ते ऐंशी ओलांडलेले. तिघे मुलगे, सुना, नातवंडे, एक विधवा बहीण, असा पंचवीस-तीस पानांचा गोतावळा जमला होता. जेवणे झाली, पानसुपारी फिरली आणि धाकट्या चिरंजीवांनी आपल्या पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढली. हे चिरंजीव पुण्यास यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना चालवितात. माल युरोपात पाठवितात. पुस्तिकेवर निळा समुद्र, पांढरी वाळू आणि माडाची झाडे होती. आम्हांस वाटले, सहलीचे काही असेल. परंतु ते होते नागरिकत्वाचे दरपत्रक.

“तात्या, दोन लाख डॉलर भरले की कॅरिबियन बेटाचा पासपोर्ट मिळतो. तेथे जाऊन राहावे लागत नाही. सहा-आठ महिन्यांचे काम आहे,” ते म्हणाले.

तात्यांनी चष्मा पुसला व विचारले, “आणि आपला?”

ह्या दोन शब्दांच्या प्रश्नाभोवतीच पुढचा सारा प्रहर गेला. हा प्रश्न आज आमच्या ओळखीच्या आणखी काही घरांतही निघाला आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धवट माहितीवर चर्चिला जात आहे. म्हणून ह्या महिन्यात आम्ही तोच विषय वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम चिरंजीवांची बाजू नीट मांडली पाहिजे. ते देशाला कंटाळलेले गृहस्थ नव्हेत. त्यांची तक्रार व्यवहाराची आहे. जर्मनीतील गिऱ्हाईक सोमवारी बोलावते. व्हिसाची तारीख मिळते पाच आठवड्यांनी. तोवर दुसऱ्या देशाचा व्यापारी विमानाने जाऊन काम घेऊन येतो. बँकेची पत्रके, आयकराची पत्रके, घराचे उतारे, परतीचे तिकीट हे सारे पुढे करूनही खिडकीमागचा मनुष्य “परत याल कशावरून?” असे विचारतो. पंचवीस वर्षे सचोटीने धंदा केलेल्या मनुष्यास हा प्रश्न झोंबतो. जे त्यांस हसतात, त्यांनी एकदा त्या रांगेत उभे राहावे, असे आम्ही म्हणू.

आता हा सौदा आहे तरी काय, ते पाहू. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स व नेव्हिस हे राष्ट्र १९८३ साली स्वतंत्र झाले आणि १९८४ साली त्याने पैसे घालणाऱ्या परकीयांस नागरिकत्व देण्याची तरतूद केली. आज चालू असलेल्या अशा योजनांत हीच सर्वांत जुनी समजली जाते. ह्या राष्ट्राची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या एकट्या भोर तालुक्यात त्याहून कितीतरी अधिक माणसे आहेत. तेथे शतकानुशतके उसाचे मळे होते. साखरेचा धंदा तोट्यात जाऊन २००५ साली बंद पडला, आणि तेव्हापासून नागरिकत्वाची विक्री हेच तेथील एक मोठे पीक होऊन बसले. डॉमिनिकाने १९९३ पासून हाच मार्ग धरला, आणि २०१७ च्या प्रचंड वादळाने ते बेट उद्ध्वस्त झाले तेव्हा घरे पुन्हा उभी करण्यास ह्याच पैशाचा आधार झाला. पुढे अँटिग्वा, ग्रेनाडा व सेंट लुसिया हीही बेटे ह्या बाजारात आली. आपसांतील चढाओढीने भाव उतरू लागले, तेव्हा २०२४ साली ह्यांतील चार राष्ट्रांनी करार करून दोन लाख डॉलरांच्या खाली कोणी जावयाचे नाही असे ठरविले. आपल्या रुपयांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या वर जाते. शिवाय चौकशीचा खर्च, वकील, दलाल हे निराळेच.

विकणाऱ्यास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ऊस गेला, वादळ आले, आणि विकावयास नावाखेरीज काही उरले नाही, अशा लहानशा राष्ट्राने नाव विकले, तर त्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. आमचा प्रश्न घेणाऱ्याविषयी आहे.

घेणाऱ्याच्या बाबतीत पहिली गोष्ट अशी की, ज्यास दलाल ‘दुसरे नागरिकत्व’ म्हणतात ते भारतीयास दुसरे म्हणून मिळतच नाही. आपल्या घटनेच्या नवव्या कलमाचा आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्याही नवव्या कलमाचा आशय हाच की, जो भारतीय स्वेच्छेने परक्या राष्ट्राचे नागरिकत्व घेतो, तो भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी निराळे त्यागपत्र देण्याचीही वाट कायदा पाहत नाही. तिकडचे घेतले की इकडचे गेले. त्यानंतर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि तो वापरीत राहणे हा गुन्हा आहे. दोन्ही पासपोर्ट एका खणात ठेवून प्रसंगाप्रमाणे हा नाही तर तो काढावा, असे जे चित्र पुस्तिकेत सूचित केलेले असते, ते आपल्यापुरते खोटे आहे. तात्यांच्या “आणि आपला?” ह्या प्रश्नाचे उत्तर चिरंजीवांच्या दलालाने दिलेले नव्हते, ते त्या दिवशी ओसरीवर एका पुतणीने, जी वकिली करते, तिने दिले.

मग उरते ते ‘ओसीआय’ म्हणून ओळखले जाणारे पत्र. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या ह्या पत्राच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द आहे, पण वस्तू नागरिकत्वाची नाही. त्याने भारतात जन्मभर येता-राहता येते, बँक, व्यापार, घर ह्यांस अडचण नाही. परंतु मत देता येत नाही. निवडणुकीस उभे राहता येत नाही. सामान्यतः सरकारी नोकरी मिळत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि हे पत्र सरकार काही कारणांनी रद्दही करू शकते.

शेतजमिनीचा उल्लेख झाला तेव्हा ओसरीवर सारेच गप्प झाले. ह्या घराची हिर्डोशीस आता जेमतेम काही एकर जमीन आहे. कुळकर्ण वतन १९५० च्या कायद्याने संपले. कुळकायद्यात बरीचशी जमीन कसणाऱ्यांकडे गेली, आणि ती जावयास हवी होती असे तात्या स्वतःच म्हणतात. राहिलेल्या तुकड्यावर सातबाऱ्यात सर्व भावांची नावे लागतील. परकीय झालेल्या मुलास वारशाने ही जमीन मिळू शकेल, एवढे पुतणीने सांगितले. परंतु शेजारचा बांध विकावयास निघाला तर तो घेता येणार नाही, आणि स्वतःची विकावयाची झाली तर ती येथील रहिवासी भारतीय नागरिकासच विकावी लागेल. आपल्या महाराष्ट्रात तर १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्यास कलेक्टरांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी’ म्हणून ओळख मिळविण्यासाठी शहरातली माणसे किती खटपटी करतात हे मावळात सर्वांस ठाऊक आहे. तीच जन्मतः मिळालेली ओळख हाताने सोडावयाची, हे थोरल्या वहिनींच्या पचनी पडेना.

ह्यावर तात्या उठले आणि माजघरातून एक रुमाल घेऊन आले. त्यात जुने मोडी कागद होते. एक कागद जुना मिरासपत्राचा. तारखेचा भाग कसरीने खाल्लेला. आमच्याबरोबर मोडी वाचणारे एक गृहस्थ होते, त्यांनी तो वाचून दाखविला. ह्या घराचा मूळ पुरुष घाटाखालून आलेला उपरी होता. गावातील एक गतकुळी जमीन, म्हणजे जिचा मिरासदार निर्वंश झाला आहे अशी, पाटलाने व समस्त पांढरीने रोख रक्कम घेऊन त्यास मिरास करून दिली, असा कागदाचा भावार्थ.

चिरंजीव हसून म्हणाले, “म्हणजे तात्या, आपल्या पूर्वजानेही पैसे भरूनच नागरिकत्व घेतले की!”

तात्याही हसले. “होय. पण खाली निशाण्या किती आहेत त्या मोज.”

ही गोष्ट थोडी खुलासेवार सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली येथे आहे. जुन्या दक्षिणी गावात शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत : मिरासदार व उपरी. उपरी हा करारापुरता. तो जमीन कसून चालता होई. मिरासदार हा गावचा. सारा भरीत आहे तोवर त्यास कोणी उठवीत नसे. दुष्काळात परागंदा झाला तरी पुष्कळ वर्षांनी परत येऊन तो आपली जमीन मागू शके. गावाच्या बैठकीत त्यास शब्द असे. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात ह्या मिरासदारांची मुद्दाम दखल घेतली आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथातून त्या जुन्या गावाची रचना आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचली असेल.

ही मिरास विकत मिळे, हे खरे. म्हणून “पैशाने आपलेपण मिळत नाही” असे छातीठोकपणे सांगणारास इतिहासाचा आधार नाही. परंतु त्या विक्रीच्या तीन अटी होत्या. पहिली, विकणारा एकटा पाटील नसून सारी पांढरी असे. कागदावर पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या असत. म्हणजे ज्यांच्यात राहावयाचे ते सारे त्यास ओळखून “हा आता आमचा” असे म्हणत. दुसरी, मिरासीबरोबर ओझे येई. सारा उपऱ्यापेक्षा पुष्कळदा जड, शिवाय काही ठिकाणी मिरासपट्टी, आणि गावावर आलेल्या पट्टीत वाटा. तिसरी अट कोणी लिहीत नसे, कारण ती सर्वांस गृहीत असे : मिरासदाराने तेथे नांदावयाचे. आज बेटाचे नागरिकत्व जो घेतो, त्यास बेटावरचा एकही कोळी ओळखत नाही, त्याच्यावर तेथील कोणतेही ओझे पडत नाही, आणि पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलेला गुण हाच की तेथे राहावे लागत नाही. पैसा तोच, परंतु मिरासीचा कागद हा नात्याचा आरंभ होता, आणि हा कागद नात्यावाचूनचा आहे.

कोणी म्हणेल, नाते नसले तर बिघडले कोठे? पासपोर्ट चालल्याशी कारण. परंतु नेमके हेच आहे की, अडीअडचणीच्या दिवशी असा कागद चालेल की नाही ह्याचा भरवसा नसतो. ह्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला जुना आहे. फ्रीड्रिख नोटेबोम नावाचा जन्माने जर्मन व्यापारी ग्वाटेमालात कित्येक वर्षे धंदा करीत होता. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. ऑक्टोबरात त्याने लिक्टेनस्टाइन ह्या चिमुकल्या तटस्थ राष्ट्राचे नागरिकत्व घेतले. त्यासाठी त्याने माउरेन नावाच्या गावास पंचवीस हजार आणि राज्यास साडेबारा हजार स्विस फ्रँक भरले, आणि तीन वर्षे तेथे राहण्याची अट त्यास माफ झाली. पाहा, येथेही एक गाव आहे, आणि गावास भरलेली रक्कम आहे. फक्त नांदणे तेवढे नाही. पुढे १९४३ साली ग्वाटेमालाने त्यास शत्रुराष्ट्राचा मनुष्य म्हणून अमेरिकेच्या हवाली केले, तेथे तो कैदेत राहिला, आणि त्याची मालमत्ता गेली. लिक्टेनस्टाइनने त्याच्या वतीने आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद केली. ६ एप्रिल १९५५ रोजी न्यायालयाने ती ऐकून घेण्याचेच नाकारले. कारण असे की, नागरिकत्वाच्या मुळाशी मनुष्याचे त्या देशाशी खरेखुरे नाते हवे, आणि नोटेबोमचे ते नव्हते. ह्या निकालावर पुढे कायदेपंडितांनी टीकाही पुष्कळ केली आहे. परंतु ज्या दिवसासाठी कागद घेतला, त्याच दिवशी तो फिका पडला, एवढे खरे.

अलीकडचे दाखलेही ह्याहून निराळे नाहीत. सायप्रसने गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२० साली आपली योजना गुंडाळली. माल्टाने २०१४ पासून चालविलेली विक्री युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी बेकायदा ठरविली. नागरिकत्व हा देवघेवीचा माल होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. प्रशांत महासागरातील वानुआटूच्या पासपोर्टावर युरोपात विनाव्हिसा जाता येत असे; ती सवलत २०२२ मध्ये स्थगित व २०२४ च्या डिसेंबरात कायमची रद्द झाली. म्हणजे ज्यांनी केवळ त्या सवलतीसाठी पैसे भरले, त्यांच्या हाती उरले काय? त्याच वानुआटूच्या पंतप्रधानांनी २०२५ च्या मार्चात, क्रिकेटच्या व्यवहारांतील चौकशीमुळे गाजलेल्या ललित मोदींचा नुकताच घेतलेला पासपोर्ट रद्द करण्याचा हुकूम दिला. आणि आपल्या मुंबईतील हिऱ्यांचे व्यापारी मेहुल चोक्सी, ज्यांच्यावर पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणी गंभीर आरोप आहेत, त्यांनी २०१७ साली अँटिग्वाचे नागरिकत्व घेतले होते. तरी २०२५ च्या एप्रिलात बेल्जियममध्ये त्यांस अटक झालीच. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांची व ह्यांची तुलना करणे हा अन्याय होईल, आणि ती आम्ही करीत नाही. परंतु एक गोष्ट चिरंजीवांनी लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या खणातला कागद अशा मंडळींनीही घेतलेला आहे, त्याकडे जगातला प्रत्येक पासपोर्ट तपासणारा अधिक बारकाईने पाहतो. खिडकीमागच्या मनुष्याचा संशय टाळण्यासाठी जे विकत घ्यावयाचे, तेच संशयाचे कारण व्हावे, ह्यापरते दुर्दैव कोणते?

ह्याच्या उलट, जे भारतीय परदेशात वर्षानुवर्षे राहून, तेथे नोकरी करून, कर भरून, मुले वाढवून तेथले नागरिक होतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली २,२५,६२० व २०२४ साली २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. ह्यांतील फार मोठा भाग अशा नांदणाऱ्यांचा असला पाहिजे. तात्यांचे मधले चिरंजीव स्वतः वीस वर्षे कॅनडात आहेत आणि तेथले नागरिक आहेत. त्यांस कोणी नावे ठेविली नाहीत. ते तेथे उपरी म्हणून गेले आणि नांदून मिरासदार झाले. हिर्डोशीच्या मूळ पुरुषाने केले तेच त्यांनी केले.

तात्यांनी ह्यावर आपलीच एक गोष्ट सांगितली, ती फार मार्मिक वाटली. “माझे नागरिकत्व बदलले आहे,” ते म्हणाले, “पण मी जागचा हललो नाही. जन्मलो तेव्हा मी भोर संस्थानची प्रजा. पंतसचिवांचे राज्य. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले. २६ जानेवारी १९५० ला मी भारताचा नागरिक झालो. एक पैसा भरला नाही.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “आणि तो त्या दिवशी भिवाही झाला.”

भिवा हा गावकुसाबाहेर राहणारा त्यांचा बालपणीचा सोबती. त्यास जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आम्ही मिरासीचे गुण गाइले, तेव्हा हेही सांगितले पाहिजे की त्या गोतात सर्वांस सारखे स्थान नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांची निशाणी प्रसंगी कागदावर घेत, पण तिच्या धन्यास ओसरीवर चढू देत नसत. भिवाच्या पूर्वजांनी हंडाभर मोहरा आणल्या असत्या तरी त्यांस पांढरीच्या बैठकीत बरोबरीची जागा मिळाली नसती. जी मिरास पैशानेही मिळाली नसती, ती घटनेने त्यास व तात्यांस एकाच दिवशी, एकाच शब्दात, फुकट दिली. फुकट मिळाली म्हणून ती स्वस्त ठरत नाही. कोणासही विकत घ्यावी लागू नये, हेच तिचे मोल आहे.

ह्या मोलाची चर्चा घटनासमितीतही झाली होती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात सांगितले की, अमेरिकेप्रमाणे संघाचे एक व घटकराज्याचे दुसरे असे दुहेरी नागरिकत्व येथे नाही; साऱ्या देशास मिळून एकच आहे. भोरचा वेगळा, इंग्रजी मुलखातला वेगळा, हा भेद त्याने कायमचा गेला. आणि १९४९ च्या ऑगस्टात आपल्या वऱ्हाडातील डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी तक्रार केली की, मसुद्यातील व्याख्येने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत सवंग होईल. विमान मुंबईस दोन तास थांबले आणि तेवढ्यात एखादी परकीय स्त्री बाळंत झाली, तर ते मूल येथले नागरिक व्हावयाचे काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे सर्व म्हणणे मान्य झाले नाही, आणि सर्व मान्य होण्यासारखेही नव्हते. परंतु आपले नागरिकत्व फार सहज मिळेल अशी चिंता वाहणाऱ्या त्या पिढीच्या मनात, ते इतक्या सहज देऊन टाकण्याची वेळ येईल, हा विचार आला असेल असे वाटत नाही.

असो. त्या दिवशी ओसरीवर निर्णय झाला नाही. तसा तो एका बैठकीत व्हावयाचाही नव्हता. परंतु धाकट्या सूनबाईंनी जे प्रश्न काढले ते इतके नेमके होते की, ज्या ज्या घरी हा विषय निघेल त्यांच्यासाठी आम्ही ते येथे देतो.

त्यांचा पहिला प्रश्न : “हा पासपोर्ट आपणांस नेमका कोणत्या दिवशी लागणार?” धंद्याच्या फेऱ्यांसाठी असेल, तर युरोपाचा अनेक फेऱ्यांचा, काही वर्षांच्या मुदतीचा व्हिसा नियमित जाणाऱ्यास मिळू शकतो, त्याचा प्रयत्न पुरता झाला आहे काय? दुसरा : ज्या सवलतीसाठी पैसे भरावयाचे ती कोण देते? बेट देत नाही, युरोप देतो. आणि देणाराने हात आखडला तर बेट पैसे परत करणार नाही. तिसरा : ही रक्कम बाहेर कशी जाणार? रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे दर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे. दलाल ह्याहून सोपी वाट दाखवीत असेल, तर ती वाट तुरुंगावरून जाते की काय, हे आधी पाहावे. चौथा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, आणि तो सर्वांत मोठा होता : “मुलांचे काय?” त्यांची दोन्ही मुले अजून शाळेत आहेत. आईबापांनी नागरिकत्वाचा त्याग केला तर कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे अज्ञान मुलांचेही जाते. सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत त्यांनी मागितले तर ते परत मिळते. “म्हणजे अठराव्या वर्षी ती आपल्याला विचारतील, आमचे का विकले? मग काय सांगावयाचे?”

विकले हा शब्द चिरंजीवांस लागला. ते म्हणाले, “विकत नाही मी, विकत घेतो आहे.” सूनबाई म्हणाल्या, “एक घेताना दुसरे द्यावे लागते, तेव्हा त्यास अदलाबदल म्हणतात. आणि वर दोन कोटी आपणच द्यावयाचे.”

तात्यांनी मुलास आज्ञा केली नाही. त्यांच्या पिढीचे असूनही त्यांस हे कळते की, पन्नाशीला आलेल्या कर्त्या मुलास आज्ञा करून देशात ठेवता येत नाही. ते एवढेच म्हणाले, “तुला घ्यावयाचे तर घे. पण दलालाच्या कचेरीत गुपचूप सही करू नकोस. दिवाळीला सारे पुन्हा जमतील, तेव्हा कागद ह्या ओसरीवर ठेव. भाऊ, भावजया, मुले, सर्वांस वाचून दाखव. सर्वांनी ऐकल्यावर मग काय ते कर. आपल्या पूर्वजाने मिरास घेतली ती चारचौघांत घेतली. सोडावयाची तर चारचौघांतच सोडावी.”

आमचे मत वाचकांस एव्हाना कळले असेलच. जेथे नांदावयाचे आहे, जेथले ओझे उचलावयाचे आहे, तेथले नागरिकत्व मिळविण्यात कमीपणा नाही. मग ते कॅनडाचे असो वा कोठलेही. परंतु जेथे पाऊलही टाकावयाचे नाही तेथले नाव घेण्यासाठी जेथे नाळ पुरली तेथले सोडणे, हा व्यवहार पैशाच्या हिशेबातही आतबट्ट्याचा आहे, आणि पैशापलीकडच्या हिशेबात तर तो मांडताच येत नाही. व्हिसाच्या खिडकीवरचा अपमान खरा आहे. त्यावर उपाय आपल्या पासपोर्टाची पत वाढविणे हा आहे, आणि ती पत सचोटीने धंदा करून वेळेवर परत येणाऱ्या अशाच माणसांमुळे वाढते. तीच माणसे निघून गेली, तर मागे राहणाऱ्यांस ती खिडकी अधिकच अरुंद होईल.

संध्याकाळी निघताना चिरंजीवांनी रंगीत पुस्तिका पिशवीत घातली. तात्यांनी मिरासपत्र रुमालात बांधले, आणि बांधण्यापूर्वी धाकट्या नातवास त्यातील नांगराची निशाणी बोटाने दाखविली. मुलाने विचारले, “आजोबा, ही कोणाची सही?” तात्या म्हणाले, “ज्यांनी आपल्याला गावात घेतले, त्यांची.”

दिवाळीस आम्हांसही हिर्डोशीचे आमंत्रण आहे.